गुमास्ता काढला म्हणजे नाव आपलं झालं का? मसाल्याचा धंदा वाढवणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नौपाड्यातल्या घरी काही वर्षं मसाले आणि पापड करून विकताय, जाऊबाई बरोबरीने राबतात, दोन बायका मदतीला आहेत. आता वाशीला गाळा भाड्याने घ्यायचा आहे. करंट अकाउंटसाठी बँकेने ‘नावाचं रजिस्ट्रेशन’ मागितलं, मिरची-धणे देणाऱ्या व्यापाऱ्याने ‘टिन नंबर’ विचारला, आणि एक एजंट एकरकमी पैसे घेऊन ‘सगळं करून देतो’ म्हणतोय. तर नाव नेमकं कुठे रजिस्टर होतं, आणि टॅक्सचा कोणता नंबर घ्यायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून जरा हिरमोड होईल. एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव नोंदवून ‘हे आता तुमचं’ असं सांगणारं सरकारी खातंच आपल्याकडे नाही. गुमास्ता (दुकानाची नोंद), उद्यम (छोट्या उद्योगांची नोंद), जीएसटी या सगळीकडे तुम्ही जे नाव लिहाल ते छापून येतं. पण ते नाव आणखी कोणाचं आहे का, हे यातलं कोणीही तपासत नाही. तुमच्याच गल्लीत दुसऱ्याने त्याच नावाने गुमास्ता काढला तर त्यालाही मिळेल. बँक जेव्हा ‘नावाचं रजिस्ट्रेशन’ म्हणते तेव्हा तिला एवढंच हवं असतं की या नावाने खरोखर धंदा चालतो याचा पुरावा द्या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत मालकीच्या धंद्यासाठी असे दोन कागद मागायची पद्धत आहे, आणि गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र हे सगळे त्या यादीत बसतात. दोन मिळणं शक्य नसेल तर बँक स्वतः खातरजमा करून एकावरही खातं उघडू शकते. शाखेत हे सांगायला बिचकू नका.

पण कागद काढायच्या आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा: धंदा कोणाचा? तुमच्या एकटीचा, की तुमचा आणि जाऊबाईंचा? तुम्ही प्रश्नात हे ओझरतं लिहिलंय, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आयकर खात्याच्या नजरेत मालकीचा धंदा म्हणजे तुम्हीच. धंद्याचं वेगळं पॅन नसतं, तुमचंच पॅन चालतं, नफा तुमच्या रिटर्नमध्ये जातो. भागीदारी केलीत की फर्म ही निराळी ‘व्यक्ती’ होते. तिचं पॅन वेगळं, आणि पॅन वेगळं म्हणजे जीएसटी वेगळा, उद्यम वेगळं, बँक खातं वेगळं. आज तुमच्या नावाने सगळं काढलंत आणि सहा महिन्यांनी जाऊबाईंना भागीदार घेतलंत, तर ‘नाव वाढवून घेणं’ असा प्रकार नसतो. जुना जीएसटी नंबर रद्द करायचा, नवा घ्यायचा, शिल्लक माल आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तिकडे न्यायचं, लेबलं पुन्हा छापायची. ठाण्यात मी हे घोळ इतक्या घरांत पाहिले आहेत की आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

माझं मत विचाराल तर नफा अजून लहान आहे तोवर मालकीचाच धंदा ठेवा. कारण सरळ हिशेबाचं आहे. तुमच्या वैयक्तिक उत्पन्नाला स्लॅब लागतात, आणि नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. फर्मला स्लॅब नाहीत, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. भागीदारांचा पगार फर्मच्या नफ्यातून वजा होतो हे खरं, पण त्याला मर्यादा आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांच्या वर पगार, व्याज वगैरे दिलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर आला, तिमाही रिटर्न आलं. जाऊबाईंना रीतसर पगार द्या, बँकेतून द्या, त्यांच्या नावावर दिसू द्या.

हे माझं मत फक्त कराच्या बाजूने आहे. दोघींचा पैसा खरोखर निम्मा-निम्मा लागला असेल, तर कराचं गणित बाजूला ठेवा आणि लेखी करारपत्र करून भागीदारी करा. सख्ख्या जावांत वाद होत नाहीत असं म्हणणारी माणसं मला सहसा वाद झाल्यावरच भेटतात. करारपत्र केलंत तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवाच. १९३२ चा भागीदारी कायदा नोंदणीची सक्ती करत नाही, पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. उधारी बुडाली की हे कलम आठवतं. फर्मच्या नावाची सरकारदरबारी नोंद होते ती इथे. पण तिथेही नाव नोंदलं म्हणून दुसऱ्याने ते वापरू नये असा हक्क मिळत नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर केंद्राकडे नाव आरक्षित होतं आणि हुबेहूब तसं नाव दुसऱ्या कंपनीला मिळत नाही. पण मसाल्याच्या एका गाळ्यासाठी त्या वाटेला जाऊ नका, कंपनीला तर वर्षाच्या ऑडिटचाच खर्च अंगावर येतो.

नावावर खरा हक्क हवा असेल तर तो मिळतो ट्रेडमार्कने, म्हणजे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली. अर्ज ऑनलाइन होतो. एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. मालकीच्या धंद्यात अर्ज तुमच्या नावाने जातो म्हणून कमी फी आपोआप लागते. फर्म असेल तर ती सवलत घ्यायला उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले वर्ग ३० मध्ये बसतात, लोणचं मात्र २९ मध्ये. पुढे लोणची करणार असाल तर आत्ताच विचार करा, कारण मसाल्यांसाठी घेतलेला मार्क लोणच्याच्या बरणीला आपोआप संरक्षण देत नाही.

अर्जाआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो. उच्चारावरून शोधायची सोय आहे, तीही वापरा. मराठीत वेगळं दिसणारं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसऱ्याशी तंतोतंत जुळतं, हे हमखास होतं. आणि नाव निवडताना थोडा कंजूसपणा सोडा. ‘घरगुती’, ‘चविष्ट’, ‘अस्सल’, ‘कोल्हापुरी’ असले शब्द मालाचं वर्णन करतात. ते कोणा एकाला द्यायला रजिस्ट्री तयार होत नाही, आणि मिळालेच तरी भांडताना टिकत नाहीत. मसाल्याशी काही संबंध नसलेला, पण तोंडात बसणारा शब्द सगळ्यात मजबूत. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या नावात घ्यायचा मोह आपल्याकडे फार. पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत ते आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही.

तुम्ही काही वर्षं एकच नाव वापरताय ना? मग ते तुमचं बळ आहे. नोंदणी नंतर झाली तरी आधीपासून वापर असणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, पण पुरावा लागतो. जुनी लेबलं, छापखान्याचं बिल, ग्राहकांना दिलेल्या पावत्या, पहिल्या वर्षीच्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट हे सगळं तारखेसकट एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहायला हरकत नाही. गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, मात्र प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लावायचा नाही, आणि ते यायला वेळ लागतो. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठीच चार महिने असतात.

आता नंबरांकडे. व्यापारी जो ‘टिन’ म्हणतोय तो व्हॅटच्या जमान्यातला शब्द. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, तेव्हा ११ आकडी नंबर मिळायचा, सुरुवात २७ ने आणि शेवटी ‘व्ही’. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि मसाल्यासारख्या मालासाठी तो नंबर संपला. शब्द बिलबुकांतून आणि तोंडातून गेला नाही इतकंच. व्यापाऱ्याला हवाय तो तुमचा जीएसटी नंबर, म्हणजे जीएसटीआयएन. मात्र परदेशी ॲप किंवा वेबसाइटने पैसे देण्यासाठी ‘टॅक्स आयडेंटिफिकेशन नंबर’ विचारला, तर तिथे पॅन लिहायचं. भारताचा त्या अर्थाचा नंबर पॅनच.

पॅन एकदा नीट समजलं की बाकीचे नंबर डोक्यात बसतात. दहा अक्षरं-आकडे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर सांगतं की हा कोण आहे: व्यक्तीला ‘पी’, फर्मला ‘एफ’, कंपनीला ‘सी’, अविभक्त हिंदू कुटुंबाला ‘एच’. पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं, फर्मच्या बाबतीत नावाचं पहिलं. जीएसटी नंबर १५ चा: सुरुवातीला २७ म्हणजे महाराष्ट्र, मग तुमचं अख्खं पॅन, मग त्या पॅनवर या राज्यातली कितवी नोंदणी ते, मग बहुतेक ठिकाणी ‘झेड’, आणि शेवटचं एक तपासणीचं अक्षर किंवा आकडा. म्हणून कोणी बिल दिलं की त्यातलं पॅन काढून बघता येतं. चौथं अक्षर ‘पी’ आहे आणि बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलंय, तर समजा काहीतरी गडबड आहे. आयात-निर्यातीचा कोडसुद्धा आता पॅनच असतो. टॅन हा वेगळा दहाचा नंबर, फक्त टीडीएस कापणाऱ्यांसाठी. आज तुम्हाला तो नको.

आणि इथे बायकांच्या बाबतीत एक गाठ हमखास पडते, म्हणून तुमची कागदपत्रं आजच काढून बघा. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जीएसटीच्या अर्जात ‘लीगल नेम’ पॅनवरून येतं आणि पडताळणी आधारवरून होते. दोन्ही जुळली नाहीत की अर्ज अडकतो. उपाय साधा आहे: पॅनमध्ये नावाची दुरुस्ती करून घ्या. नंबर तोच राहतो. पाचवं अक्षर जुन्या आडनावाचंच दिसतं, त्याने काही बिघडत नाही. ‘नवीनच काढून टाकू’ हा शहाणपणा कोणी शिकवला तर ऐकू नका. दोन पॅन बाळगायला १० हजारांचा दंड आहे.

जीएसटी तुम्हाला लागतो का? एजंटने ‘४० लाखांपर्यंत गरज नाही’ म्हटलं असेल. मालासाठी महाराष्ट्रात ती मर्यादा आहे, सेवांसाठी २० लाख. पण तुम्ही लिहिलंय की बेळगाव आणि गोव्याला नात्यातल्या-ओळखीतल्यांना पार्सलं जातात, पैसे घेऊन. बेळगाव आपल्याला कितीही आपलं वाटलं तरी जीएसटीला ते कर्नाटक आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. मसाल्यावर ५ टक्के आहे, म्हणजे करपात्र. पापड शून्य टक्क्यात आहे, तेव्हा नुसते पापड गेले असते तर प्रश्न नव्हता. म्हणजे दोन वाटा उरतात. बाहेरची मसाल्याची पार्सलं बंद करून ४० लाखांची सवलत वापरायची, किंवा नोंदणी घ्यायची. कंपोझिशन योजना, म्हणजे वर्षाला दीड कोटींपर्यंत उलाढाल असेल तर माल स्वतः बनवणाऱ्याला राज्यातल्या एकूण उलाढालीच्या १ टक्का, ऐकायला छान, पण त्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही आणि ग्राहकाकडून कर वेगळा लावता येत नाही.

वाशीला गाळा घेऊन हॉटेलवाल्यांना माल द्यायचा विचार असेल तर मी साधी नोंदणीच घेईन. बाटल्या, पाउच, छपाई, गाळ्याचं भाडं यावर भरलेला कर परत क्रेडिट मिळतो, तोही काही थोडाथोडका नसतो. बदल्यात विक्री असो-नसो, रिटर्न वेळेवर भरायची शिस्त लागते. ती जमणार नसेल तर पार्सलं थांबवा, स्पष्टच सांगतो.

नोंदणीची सरकारी फी शून्य. अर्ज अडतो तो जवळजवळ नेहमी पत्त्यावर. नवी मुंबईत तर खास. गाळा मुळात सिडकोकडून कोणीतरी घेतलेला, त्याने दुसऱ्याला विकलेला, आणि लाइट बिल अजून पहिल्याच्या नावावर. भाडेकरारात मालक म्हणून तिसरंच नाव. बिलावर ‘प्लॉट नंबर अमुक, सेक्टर तमुक’, करारात ‘शॉप नंबर ४’, आणि अर्जात तुम्ही टाकलेलं इमारतीचं नाव. अधिकाऱ्यापुढे तीन कागद, तीन पत्ते. तो शेरा मारून परत पाठवतो आणि उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. म्हणून गाळ्याचं टोकन द्यायच्या आधी मालकाकडे महावितरणचं ताजं बिल आणि महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती मागा. निदान एकावर त्याचं नाव असू दे. नसेल तर खरेदीखताची प्रत आणि संमतीपत्र तयार ठेवा, आणि करारात पत्ता बिलावरच्याप्रमाणेच शब्दाला शब्द लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार आपल्या राज्यात नोंदवावाच लागतो, त्यात टाळाटाळ करणारा मालक पुढेही त्रासच देतो.

सगळं जुळलं आणि आधार पडताळणी झाली की नंबर साधारण आठवडाभरात येतो. व्यापाऱ्यांना विकलेल्या मालावरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणाऱ्या छोट्यांसाठी नोव्हेंबर २०२५ पासून तीन कामकाजाच्या दिवसांची सोपी वाटही आहे. नंबर मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खातं पोर्टलवर जोडायचं, किंवा पहिलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, त्याआधी भरणार असाल तर तत्पूर्वी.

घर आणि गाळा अशा दोन जागांचं काय? जीएसटीत एकाच राज्यात एकच नंबर पुरतो, दुसरी जागा ‘ॲडिशनल प्लेस’ म्हणून टाकायची. गुमास्त्यात मात्र प्रत्येक जागेची वेगळी नोंद. अन्नपदार्थांचा एफएसएसएआय नंबर, तो १४ आकडी, तोही जागेनुसार वेगळा, आणि माल घरी बनतो म्हणून नौपाड्याचा आधी लागेल.

गुमास्त्याची गंमत अशी की २०१७ च्या नव्या कायद्याने छोट्यांना परवाना नव्हे, नुसती सूचना द्यायला सांगितलंय, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. सीमा १० कामगारांची होती, ती २० वर नेण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला. तुमच्याकडे दोघीच आहेत, त्यामुळे तुम्ही कसंही सूचनेतच बसता. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे हे काम मुंबई महापालिका बघते. नाक्याच्या अलीकडे, ठाण्यात आणि नवी मुंबईत, राज्याच्या कामगार विभागाकडे ऑनलाइन करायचं. उद्यम नोंदणीही ऑनलाइन आणि पूर्ण मोफत. सरकारी वाटाव्यात अशा नावांच्या वेबसाइट त्यासाठी पैसे घेतात, पत्ता नीट बघा.

व्यवसाय कराचे दोन नंबर आहेत. मालकाचा पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये. तो घ्याच, कारण हा सगळे विसरतात आणि मग मागचा हिशेब निघतो. कामगारांचा पीटीआरसी पगारावर ठरतो. महिला कामगारांना महिना २५ हजारांपर्यंत माफी आहे, त्यामुळे सध्या प्रश्न नाही. डिलिव्हरीला पुरुष ठेवलात आणि पगार ७,५०० च्या वर गेला, तर लागेल.

सगळीकडे धंद्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा. गुमास्त्यात ‘मसाले’च्या शेवटी ‘ई’ आणि जीएसटीत ‘ए’, मग बँक चेक परत करते. पाटी करायला टाकाल ती जीएसटी प्रमाणपत्र हातात आल्यावरच. मराठी देवनागरीत नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. हे २०२२ पासून सगळ्या दुकानांना लागू आहे, एकटीने चालवलेल्यालासुद्धा. दाराच्या पाटीवर जीएसटी नंबर आणि आत प्रमाणपत्र, दोन्ही जागी लावायचं.

एजंटकडून काम करून घ्यायला माझी हरकत नाही, तुमचा वेळही मोलाचा आहे. सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती हे वेगळं लिहून मागा. आणि पॅन, जीएसटी, उद्यम, ट्रेडमार्क, कुठल्याही अर्जात मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा, समोर बसून. त्याचा नंबर टाकलेला असला तर नोटीस त्याला जाते, ओटीपी त्याला जातो, आणि त्याने सिम बदललं की तुमच्याच खात्यात शिरायला तुम्हाला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात.